चार रंगांचे दहा रंग

बेळगावातील वडगावच्या ज्या विणकर काकांकडे मी गेले दोन महिने सुताच्या लडी घेऊन जा-ये करीत आहे, ते ताण्याचे धागे कानडीत मोजतात आणि धागा तुटला की मराठीत बोलतात. ‘ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु’ असे चार-चारांचे गट करीत त्यांची बोटे पुढे सरकत असताना मध्ये कोणी हाक मारली, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. ते आणि माझे वडील एकेकाळी शेजारशेजारच्या मागांवर बसत असत. आमचा माग केव्हाच विकला गेला. काकांचा खड्डामाग मात्र डॉबीसकट, म्हणजे नक्षीप्रमाणे ताण्याचे धागे उचलणाऱ्या यंत्रासकट, अजून चालू आहे, आणि म्हणूनच ग्लासगोला शिकणाऱ्या माझ्या भाचीने ‘मावशी, आपल्या घराचे एक टार्टन करू या का?’ असे विचारले तेव्हा मला पहिल्यांदा त्यांचीच आठवण झाली.

आपल्याकडे चौकडीचे लुगडे कोणाला नवे नाही. स्कॉटलंडचे टार्टन हीसुद्धा चौकडीच आहे, पण तिचे नियम थोडे कडक आहेत. उभ्या ताण्यात रंगांच्या पट्ट्या ज्या क्रमाने आणि ज्या संख्येने येतात, त्याच क्रमाने आणि त्याच संख्येने त्या आडव्या बाण्यातही येतात. बहुतेक नमुन्यांत हा क्रम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो आणि तिथून आरशात पाहिल्यासारखा उलटा परततो. या संपूर्ण आवर्तनाला तिकडे ‘सेट’ म्हणतात. वीण साधी नसून ट्विलची असते, म्हणजे बाण्याचा धागा दोन धाग्यांवरून आणि दोन धाग्यांखालून जातो आणि प्रत्येक ओळीला एक धागा बाजूला सरकतो. जिथे दोन वेगळे रंग भेटतात तिथे त्या सरकण्यामुळे बारीक तिरक्या रेघा उमटतात. हाताच्या अंतरावर त्या रेघा दिसतात. दहा फुटांवरून त्या विरघळतात आणि तिसराच एक रंग दिसू लागतो.

टार्टनचे रंग निवडताना खरी अडचण या तिसऱ्या रंगाचीच आहे. दोन रंग घेतले तर कापडावर तीन दिसतात, तीन घेतले तर सहा, चार घेतले तर दहा आणि सहा घेतले तर एकवीस. रंगाऱ्याकडून आपण चारच आणतो. उरलेले सहा परस्पर तयार होतात आणि त्यांच्याविषयी आपल्याला कोणी विचारलेले नसते.

माझा पहिला आराखडा मात्र या अडचणीपर्यंत पोचलाच नाही. हळदीसारखा पिवळा आणि कुंकवासारखा लाल हे दोन मुख्य रंग घेऊन मी कागदावर चौकडी रंगवून नेली होती. काकांनी चष्मा कपाळावर सारून कागद लांब धरला आणि म्हणाले, ‘पोरी, हे राज्योत्सवाचं कापड झालं की!’ पिवळा काढून मी तिथे केशरी ठेवला, तर त्यांचे उत्तर होते, ‘आता मोर्चाचं झालं.’ नुसत्या काळ्याचा विचार बोलून दाखवला तेव्हा ते फक्त हसले, कारण १ नोव्हेंबरला या शहरात एकीकडे लाल-पिवळ्या झेंड्यांचा कर्नाटक राज्योत्सव आणि दुसरीकडे महाराष्ट्रात जाऊ पाहणाऱ्या मराठी भाषकांचा काळा दिवस पाळला जातो हे आम्हा दोघांनाही सांगावे लागत नाही. इतरत्र रंग निवडणारा माणूस आवडीनिवडीपासून सुरुवात करीत असेल. आमच्याकडे कोणता रंग अजून कोणी घेतलेला नाही, इथून सुरुवात करावी लागते.

म्हणून झेंड्यांचा विचार सोडून मी जमिनीकडे पाहिले. खानापूरच्या बाजूला जांभ्याचा तांबूस दगड आणि तशीच माती आहे; पूर्वेला बैलहोंगल-सौंदत्तीकडे निघाले की माती काळी होत जाते. पश्चिमेच्या खाचरांत पावसाळ्याच्या आरंभी भाताच्या तरव्याचा, म्हणजे कोवळ्या रोपांचा, पोपटी हिरवा असतो. चौथा रंग म्हणून मी कोरे सूत घेतले, न धुतलेले आणि न रंगवलेले, ज्याला किंचित पिवळसर झाक असते. या निवडीमागे काही परंपरा आहे असे मी म्हणणार नाही. स्कॉटलंडमध्येही रंगांना ‘हा रक्ताचा, हा समुद्राचा’ असे अर्थ बहुधा मागाहूनच चिकटवले गेले आहेत. घराण्यागणिक ठरलेले टार्टन ही कल्पनासुद्धा समजली जाते तितकी जुनी नाही. १७४६ च्या कायद्याने स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलँड भागातील पुरुषांच्या त्या पोशाखावर बंदी आली, ती १७८२ मध्ये उठली, आणि १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने त्या समारंभाला जो टार्टनचा थाट दिला, त्यानंतर प्रत्येक घराण्याला आपापले टार्टन हवेसे झाले. विणकर तोवर नमुन्यांना आकडे किंवा गावांची नावे देऊनही विकत होते.

कापड मात्र खरोखरच जुने आहे. स्कॉटलंडमधील फॉल्कर्क येथे तिसऱ्या शतकातील रोमन नाण्यांच्या मडक्यात चौकडीच्या लोकरी कापडाचा एक तुकडा सापडला, आणि त्यात रंग मुळीच वापरलेला नाही: एक धागा फिकट लोकरीचा आणि एक गडद लोकरीचा, एवढ्यावरच ती चौकडी उभी आहे. त्याचे छायाचित्र मी काकांना दाखवले, तेव्हा त्यांनी त्याला घोंगडीच्या जातीचे म्हणून ताबडतोब आपल्यात घेतले.

आमचा क्रम शेवटी असा ठरला: काळे २४, हिरवे १६, काळे ४, लाल २८ आणि कोरे ४. पहिला काळा पट्टा आणि शेवटची कोरी रेघ ही वळणाची टोके आहेत, त्यामुळे पूर्ण आवर्तनात ती एकेकदाच येतात आणि मधले पट्टे दोनदा. एकूण १२४ धागे होतात. पहिल्या वेळी मी इथेच चुकले. टोकेही दोनदा धरून मी कागद दिला, काकांनी विश्वासाने तसाच ताणा काढला आणि काळा पट्टा ४८ धाग्यांचा झाला. हातभर विणून होईपर्यंत कोणाच्याच लक्षात आले नाही. नंतर ते कापड चौकडीपेक्षा खिडकीच्या गजांसारखे दिसू लागले. त्यांनी मला काहीही म्हटले नाही, फक्त पुढच्या वेळी स्वतः मोजले.

दुसरा ताणा इंचाला ४० धाग्यांचा होता. सात आवर्तने आणि दोन्ही काठ सारखे दिसावेत म्हणून शेवटी आणखी एक काळा पट्टा, असे ८९२ धागे, म्हणजे बावीस इंचांहून थोडा अधिक पन्हा. उपरण्याला तो पुरतो. बाणाही इंचाला ४० च बसला पाहिजे, नाहीतर चौकोन चपटे किंवा उभट होतात, आणि चार रंगांचे चार धोटे हातात फिरवीत असताना ठोका सारखा ठेवणे सोपे नाही. एकाच धोट्याच्या साध्या यंत्रमागावर हे काम होत नाही, म्हणून तर काकांकडे जावे लागले.

आता त्या मिश्र रंगांविषयी. वरच्या क्रमात लाल धागे ५६, काळे ३२, हिरवे ३२ आणि कोरे ४ आहेत. लालाचे धागे सर्वाधिक म्हणून कापड लाल दिसेल, असा माझा समज होता. गणित केले तेव्हा कळले की लाल ताण्यावर लाल बाणा येतो तो भाग कापडाच्या जेमतेम एक पंचमांश असतो, तर लाल आणि हिरवा जिथे एकमेकांवर येतात तो भाग जवळजवळ पाव असतो. म्हणजे ज्या रंगाची मी एकही लडी आणली नव्हती, तो माझ्या निवडलेल्या मुख्य रंगापेक्षा जास्त जागा व्यापणार होता. पहिला हिरवा गडद होता. त्याची आणि लालाची भेट साचलेल्या चिखलासारखी निघाली.

संगणकाच्या पडद्यावर हा दोष दिसला नव्हता, कारण पडदा दोन रंगांची सरासरी काढून सपाट, गुळगुळीत रंग दाखवतो. पुठ्ठ्यावर धागे गुंडाळून पाहण्याची जुनी रीतसुद्धा अपुरी आहे. तिने पट्ट्यांचे प्रमाण कळते, भेट कळत नाही. काकांनी दाखवलेली युक्ती सर्वांत कामाची ठरली: दोन रंगांचे दोन धागे एकत्र पिळायचे, हात लांब करून दारातल्या उजेडात धरायचे आणि डोळे किंचित मिटून पाहायचे. त्यात मी एकच भर घातली. मोबाइलवर त्या पट्ट्यांचे कृष्णधवल छायाचित्र काढले, तेव्हा लाल आणि गडद हिरवा हे दोन्ही अगदी एकाच राखाडीत आले. रंग वेगळे असून त्यांचा उजेड सारखा असला की मिश्रण मरगळते, असा माझा तरी अनुभव झाला. रंगाऱ्याकडून तरव्याचा फिकट पोपटी पुन्हा रंगवून आणला, आणि लालाशी त्याची भेट उबदार तपकिरी निघाली. भाचीने व्हिडिओवर पाहताच ‘हा तर कुंद्याचा रंग!’ असे म्हटले. बेळगावच्या कापडात कुंदा, ही इथली मिठाई, न मागता आला, याचा मला आनंद झाला हे कबूल केले पाहिजे. दोन भाषांच्या गावात दोन रंगांच्या भेटीवर काहीतरी सुंदर लिहिण्याचा मोहही झाला. तो मी आवरला, कारण आधीच्या हिरव्याशी तीच भेट चिखल झाली होती.

लाल सूत पहिल्या धुण्यात सुटले आणि कोऱ्या रेघा गुलाबी झाल्या, हे वेगळेच दुःख आहे. ज्या ठिकाणी ते रंगवले होते तिथे ‘पक्का रंग’ असे तीनदा सांगितले गेले होते. आता लाल दुसरीकडून रंगवून घेतला आहे आणि प्रत्येक लडी आधी गरम पाण्यात पांढऱ्या चिंधीबरोबर बुडवून पाहते.

नोंदणीचे काम भाचीकडे आहे. २००८ च्या कायद्यानुसार स्थापन झालेली टार्टनची सरकारी नोंदवही २००९ पासून एडिंबरोला आहे. त्या कायद्याच्या व्याख्येत लोकरीचा किंवा ट्विलचा उल्लेख नाही. दोन किंवा अधिक रंगांच्या पट्ट्या उभ्या आणि आडव्या मिळून चौकडीचे आवर्तन झाले पाहिजे, एवढीच अट आहे, त्यामुळे वडगावच्या सुताला आडकाठी नाही. नावाच्या रकान्यात बेळगाव लिहायचे की बेळगावी, यावर घरात एक संध्याकाळ गेली आणि शेवटी आजीचे माहेरचे आडनाव पुढे आले.

दोन उपरणी विणून झाल्यावर मागावर थोडा ताणा शिल्लक होता. तो वाया जाऊ नये म्हणून काकांनी बाण्याला फक्त काळे सूत घालून स्वतःसाठी एक पंचा विणला. आडव्या पट्ट्याच नसल्यामुळे व्याख्येनुसार ते टार्टन नाही. लालावरून गेलेल्या काळ्याने त्याला पिकल्या जांभळासारखी छटा आली आहे, पोपटी दबून शेवाळी झाला आहे, कोरी रेघ तेवढी उठून दिसते, आणि आमच्या दोन्ही उपरण्यांपेक्षा तो पंचा अधिक चांगला झाला आहे.