एका टोकावर उभा दगडी जिना

लेकीकडे एडिनबरोला गेलो होतो, तेव्हा तिनं शार्लट स्क्वेअरमधलं सात नंबरचं जॉर्जियन, म्हणजे अठराव्या शतकातल्या इंग्रजी धाटणीचं, घर दाखवायला नेलं. या चौकाचा आराखडा रॉबर्ट ॲडम या स्कॉटिश वास्तुविशारदाचा, १७९१चा. पुढच्याच वर्षी तो वारला. समोरून बघितलं की एकच लांबलचक राजवाडा वाटतो, प्रत्यक्षात एकाला एक लागून वेगवेगळी घरं आहेत. दर्शनी दगड इतका घडीव की दरजेत नख शिरत नाही. मागं जाऊन बघितलं तर तिकडं अनगड दगड! आपल्याकडच्या वाड्यांतही असंच, घडाईचा खर्च रस्त्याकडच्या भिंतीवर.

पण मी अडकलो ते जिन्यापाशी. अशा घरांत दगडी पायरीचं एकच टोक भिंतीत असतं, दुसरं अधांतरी. खाली ना खांब, ना तुळई. "अण्णा, चढा की," लेक म्हणाली. मी कठडा धरून खालून बघत राहिलो. प्रत्येक पायरी खालच्या पायरीच्या काठावर टेकलेली, आणि भिंतीनं तिला पिरगळू न देता घट्ट धरलेलं. भार पायरी-पायरीनं जमिनीवर उतरतो. भिंत पक्की असेल तरच हे जमतं.

आमची भिंत पक्की नव्हती. किल्लारीच्या भूकंपात, ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, आमचा वाडा बसला. अडीच फुटी भिंत, पण आतून-बाहेरून दगडाचे दोन वेगळे थर आणि मधे कपच्या नि माती. दोन्ही थरांना बांधणारा, आरपार जाणारा लांब दगड एकही नाही. हादऱ्यानं दोन्ही थर फुगून सुटले आणि माळवदाची, म्हणजे सपाट धाब्याची, माती खाली आली. सागवानी खांब मात्र उभेच होते. तेव्हापासून आमच्या भागात लोक दगडी घरात झोपायला धजत नाहीत. तो जिना काही आपल्यासारख्या भूकंपातून गेलेला नाही, हे मला कळतं. तरी दोष दगडाचा नव्हता, बांधणीचा होता, हे मी तिथं उभ्या-उभ्या लेकीला सांगितलं. तीस वर्षांत पहिल्यांदाच.

परत आल्यावर धाकट्याच्या घरची उरलेली जुनी भिंत कामाला काढलीच. पाडायला नव्हे. गवंड्याकडून अलगद आरपार भोकं पाडून घेतली, दोन्ही टोकांना वाकवलेली सळई घातली, काँक्रीट भरलं. आरपार दगडाचं काम आता तेच करील. आज तिसरी ओळ झाली. पाणी मारायला मी स्वतः जातो.