आधी ओटीपी, मग टीव्ही

“ओटीपी सांगा. खोकं नंतर इन्स्टॉलेशनवाला उघडेल.”

दारात ६५ इंची टीव्ही. खोक्यावर ‘उभाच ठेवा’चे ठळक बाण, आणि टेम्पोतून तो उतरला चक्क आडवा! माणूस बिचारा घाईत, त्याला काय बोलणार? पण एवढ्या मोठ्या पॅनलला आडवं ठेवलं की मधे आधार नसतो, खड्ड्याचा एक दणका पुरतो. आतली चीर टीव्ही सुरू केल्याशिवाय बरेचदा दिसतही नाही.

वॉरंटीत सहसा तुटफूट धरत नाहीत. आणि पॅनल बदलायचं म्हणजे जवळपास नवा टीव्हीच.

मी म्हटलं, उघडून बघू, मगच ओटीपी. त्याचा चेहरा पडला.

सूट बघून ऑर्डर करताना रिटर्नच्या अटी वाचतं का हो कुणी?