मारबत अन् गोयाच्या भिंती

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच आमच्या गावचे पोट्टे "ईडा पीडा घेऊन जाय गे मारबत" ओरडत दारातले पळसाचे मेढे शिवेबाहेर फेकून येतात. नागपुरात तर काळी-पिवळी मारबत, भलेमोठे पुतळे. यंदा ते ऐकताना मला गोया आठवला, काहून ते सांगतो.

हा स्पेनच्या राजदरबाराचा पेंटर, आजारपणात बहिरा झाला, अन् १८१९ मध्ये माद्रिदबाहेर घर घेऊन त्यानं थेट भिंतींवरच १४ काळी चित्रं काढली. आपण ईडा पीडा शिवेबाहेर फेकतो, यानं ती घरातच भिंतीवर काढून ठेवली. कोणी ऑर्डर दिली नव्हती, विकायची नव्हती, नावंही त्यानं दिली नाहीत, नंतर लोकांनी दिली. त्यातला पोराला खाणारा रोमन देव सॅटर्न सगळ्यांना माहीत असतो, पण मला खरी धडकी त्यातल्याच एका कुत्र्याच्या चित्राची भरते राजेहो! नुसतं डोकं दिसते, वर पाहणारं, बाकी सगळी रिकामी मळकट पिवळी जागा, राक्षस नाही की रक्त नाही. म्हातारा येडा झाला होता म्हणून मोकळं व्हायचं, हे मला पटत नाही. इतकं नेमकं रिकामं ठेवायला हात शाबूत लागतो.

बोंडअळीनं कपाशी गेली त्या वर्षी मीही रात्री पऱ्हाटीच्या कोळशानं गोठ्याच्या भिंतीवर एक तोंड काढलं होतं. काढायचा होता बैल, निघाला बाबाचा रागातला चेहरा, जबडा आवळलेला. सकाळी मायनं पाहिलं, "हे काय काढलं रे," एवढंच बोलली अन् त्यावर पोतं टांगलं. पुसलं मात्र नाही.