बेलवर नाव एकाचं, घडण दुसऱ्याची

माझ्याकडे आलेल्या जुन्या आल्टो सॅक्सोफोनच्या बेलवर, म्हणजे पुढच्या रुंद तोंडावर, सुंदर नक्षीत ‘वुर्लित्झर’ असं कोरलेलं आहे. ऑर्गन आणि ज्यूकबॉक्समुळे हे नाव ओळखीचं होतं, म्हणून सॅक्सोफोनही त्यांनीच घडवला असेल असं मी धरून चालले. तो त्यांनी फक्त विकला होता, हे कळायला मला दोन महिने लागले.

१९२०च्या दशकात अमेरिकेत सॅक्सोफोनचं वेड होतं. कॉन, ब्यूशर आणि मार्टिन हे तीन मोठे कारखाने इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट या एकाच गावात होते. ते स्वतःच्या नावाने वाद्यं विकत, आणि दुकानदारांना किंवा टपालाने माल विकणाऱ्यांना हवं ते नाव बेलवर कोरूनही देत. अशा वाद्याला स्टेन्सिल म्हणतात. तेव्हा प्रश्न होता तो इतकाच, की माझा आल्टो यांपैकी कोणाच्या हातचा?

पहिली चूक मी सिरियल नंबरपाशी केली. उजव्या अंगठ्याच्या हुकाखाली नंबर सापडला आणि मी तो कॉनच्या नंबरांच्या यादीत शोधला. साल निघालं पहिल्या महायुद्धाच्या आधीचं, आणि पुढचे काही आठवडे मी तेच खरं मानलं. पण नंबरांची यादी त्या-त्या कारखान्यापुरती असते, आणि स्टेन्सिलना कधी कधी वेगळीच मालिका दिलेली असते. कारखाना ठरल्याशिवाय त्या नंबराला काही अर्थ नव्हता.

वाद्य दुरुस्तीला नेलं तेव्हा कारागिरांनी नक्षीकडे पाहिलंसुद्धा नाही. खालची एक मोठी की सोडवली, नळीवरचं भोक (टोन होल) झाकणारा पॅड बाजूला केला आणि म्हणाले, “टोन होलचा काठ बघा. बुडापाशी बोट फिरवा.”

ओळख पटते ती तिथेच. कॉनच्या स्वतःच्या नावाच्या वाद्यांवर त्या काळात टोन होलचा काठ बाहेरच्या बाजूला वळवलेला असे, भांड्याच्या काठासारखा गोल. माझ्या आल्टोवर तसा नव्हता. पण एवढ्यावरून कॉनला बाद करता येत नाही, कारण दुसऱ्यांच्या नावाने दिलेल्या वाद्यांवर कॉन बहुधा साधा सरळ काठ ठेवी. अशा वेळी सिरियल नंबराच्या आसपास पेटंटचा ठसा शोधायचा: ८ डिसेंबर १९१४ ही तारीख आणि १११९९५४ हा क्रमांक. मी भिंग घेऊन पाहिलं. माझ्याकडे ठसा नव्हता.

मग बूड पाहिलं. ब्यूशरचे टोन होल नळीच्याच पितळेतून वर ओढून काढलेले असतात. त्यामुळे नळीपासून काठापर्यंत धातू सलग चढतो, कुठे सांधा लागत नाही. माझ्या वाद्यावर प्रत्येक टोन होलच्या बुडाशी बारीक रेघ होती. म्हणजे कडं वेगळं बनवून डाक (सोल्डर) देऊन बसवलेलं. शिवाय त्या कड्याची भिंत सरळ उभी नव्हती. खाली जाड आणि वर निमुळती होत गेलेली होती. डाक दिलेली आणि वर निमुळती कडी ही मार्टिनची खूण. किंग हा आणखी एक कारखानाही डाक देत असे, पण हा उतार किंगकडे नसतो. मार्टिनच्या त्या काळातल्या ‘हँडक्राफ्ट’ आल्टोच्या फोटोंशी मी की गार्ड आणि डाव्या करंगळीच्या कीज एकेक करून ताडून पाहिल्या, आणि मगच खात्री मानली. एकाच खुणेवर भरवसा ठेवू नये, असं मला मनापासून वाटतं.

हे समजल्याचा लगेच उपयोगही झाला. शिशाच्या साध्या डाकाला वितळायला दोनशे अंश सेल्सियसही लागत नाहीत, त्यामुळे अशा टोन होलजवळ ज्योत लावताना फार जपावं लागतं. शंभर वर्षांत डाक कुठे कुजला असेल, तर नवे पॅड घालूनही बुडातून हवा निसटत राहते. माझ्या आल्टोच्या खालच्या सी-चा स्वर म्हणूनच धरत नव्हता. मी आधी पॅडला दोष देत बसले होते.

नंबराखाली ‘लो पिच’ असंही लिहिलेलं सापडलं. ते वाचून मोठा दिलासा मिळाला, कारण लो पिच म्हणजे आजचाच ए ४४०, म्हणजे ए या स्वराची सेकंदाला ४४० कंपनं. हाय पिचची वाद्यं सुमारे ४५७ला लावलेली असतात आणि माउथपीस कितीही बाहेर ओढला तरी इतरांच्या सुरात नीट बसत नाहीत. जुनं वाद्य घ्यायचं असेल तर कारखान्याआधी हेच पाहावं.

नाव एकच आणि कारखाने अनेक, हा प्रकार पुढेही चालू राहिला. व्हिटो नावाची काही वाद्यं फ्रान्सच्या बोन्येची आहेत, काही जपानच्या यामाहाची, काही यानागिसावाची.

गेल्या महिन्यात एका मैत्रिणीने तिचा टेनर दाखवायला आणला. बेलवर तेच वुर्लित्झर. या वेळी मी थेट की सोडवली. काठ सरळ, बुडाशी रेघ नाही. वाद्य उलटं करून अंगठ्याच्या हुकाखाली भिंग धरलं, तर नंबराखाली पुसट आकडे दिसले: १११९९५४.