हिरव्या शाईचं पेन

ब्रिटनमधल्या वेल्समध्ये, कार्डिफच्या ज्या रुग्णालयात मी फार्मासिस्ट आहे, तिथे आमच्या खिशात हिरव्या शाईचं पेन असतं. खाटेखाटेपाशी जाऊन औषधांचा चार्ट तपासायचा आणि शंका असेल तिथे हिरव्या शाईत लिहायचं. चार्टवर ब्रँड सहसा नसतोच. अमॉक्सिसिलिन लिहिलं की अमॉक्सिसिलिन; कंपनी कुठली, ते खरेदीवाले बघतात. (फिट्सची किंवा किडनी बदलल्यावरची काही औषधं सोडून. तिथे ब्रँड बदलणं धोक्याचं.) रुग्णालयाच्या यादीबाहेरचं औषध हवं असेल तर कारण द्यावं लागतं. पेशंटला पैसे पडत नाहीत. वेल्समध्ये २००७ पासून बाहेरच्या चिठ्ठीवरची औषधंही मोफत आहेत.

गेल्या डिसेंबरात आण्णांना न्यूमोनिया झाला म्हणून धावत सांगलीला आलो. मिरजेतल्या एका खासगी रुग्णालयात त्यांना ॲडमिट केलं होतं. सिस्टर दिवसातून दोनदा चिठ्ठी द्यायच्या, "खालच्या मेडिकलमधूनच आणा." पहिल्याच चिठ्ठीत ११ नावं, सगळी ब्रँडची. बाकावर बसून मी प्रत्येकासमोर मूळ औषध लिहीत गेलो. आण्णा वर्षानुवर्षं बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि ॲम्लोडिपिन वेगवेगळ्या घेतात. चिठ्ठीत तीच दोन औषधं एका गोळीत, नव्या नावानं आणि बऱ्याच चढ्या भावानं.

मेडिकलवाल्याला म्हटलं, "साध्या दोन गोळ्या द्या ना."

"दादा, चिठ्ठीत येतच नाहीत त्या. ठेवून काय करू?"

आपल्याकडे भावावर नियंत्रण नाही असं नाही. केंद्र सरकारच्या २०१३ च्या आदेशानुसार अत्यावश्यक औषधांच्या यादीतल्या औषधांना कमाल किंमत ठरते: बाजारात किमान १ टक्का वाटा असलेल्या ब्रँडच्या किमतींची सरासरी, वर दुकानदाराचे १६ टक्के. २०२२ च्या यादीत ३८४ औषधं आहेत. पण ही मर्यादा त्या औषधाच्या ठरावीक मात्रेला आणि प्रकाराला असते. दोन औषधं एकत्र केलेली गोळी यादीत असेलच असं नाही, आणि यादीबाहेरच्या औषधाची किंमत वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवता येते. मग रुग्णालयाला नफा कशात, हे उघड आहे. २०१८ साली औषध किंमत प्राधिकरणानं दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली होती. बिलात यादीतल्या औषधांचा वाटा साधारण ४ टक्के, यादीबाहेरच्यांचा २५ टक्क्यांहून जास्त. भाव बांधला, पण ते औषध लिहिण्याचं बंधन कुणावर घातलं नाही. मला खरा राग याचा येतो, कारण जिथं चिठ्ठी हातात पडते तिथं पेशंटचा माणूस घाबरलेला असतो. तो भाव करत नाही, धावत खाली जातो.

ब्रिटनमध्ये सगळं आलबेल आहे असं म्हणणार नाही. २०२२ च्या डिसेंबरात मुलांसाठीचं अमॉक्सिसिलिनच मिळेनासं झालं होतं.

डिस्चार्जच्या दिवशी मी डॉक्टरांना विचारलं, "जुन्याच दोन गोळ्या चालू ठेवल्या तर?" ते म्हणाले, "चालतील की," आणि लगेच मूळ नावानं लिहून दिल्या. महिनाभराच्या गोळ्या मी सांगलीतल्या जनऔषधी केंद्रातून आणल्या. आता चिठ्ठी आली की आण्णा आधी फोटो काढून मला पाठवतात.