तुम्ही विचारलंत म्हणून: पदवी आणि कामाचे तास

मी एचआरमध्ये आहे, अर्ज चाळणं हे रोजचं काम. ते कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "जास्त शिकलं की फुलटाइम नोकरी मिळतेच ना?"

'मिळतेच' नाही. शक्यता वाढते, चांगलीच वाढते. पण शिकलेला माणूस हुशार असतो, एवढंच त्याचं कारण नाही. नव्या माणसाला तयार करायचा खर्च त्याच्या तासांवर ठरत नाही. आठवड्याला वीस तास येणाऱ्याला जेवढं शिकवावं लागतं, तेवढंच चाळीस तासवाल्याला. वॉल्टर ओई या अर्थशास्त्रज्ञाने माणसामागचा हा ठरावीक खर्च १९६२ मध्येच मांडला होता. जे काम अंगवळणी पडायला सहा महिने लागतात, तिथे अर्ध्या वेळेचा माणूस परवडत नाही. आणि अशा कामांना बहुधा पदवीधरच घेतात. काउंटरचं काम दोन दिवसांत जमतं. तिथे गर्दीच्या चार तासांपुरतीच माणसं बोलावतात. सुरुवातीला असे शिफ्टचे तक्ते मीच करायचे. गर्दी ओसरली की आधी कोणाचे तास कापायचे, हे मला कोणी सांगायची गरज नसे.

दुसरं कारण सांगायला थोडी लाज वाटते. अर्जांचा ढीग कमी व्हावा म्हणून आम्ही पदवीची अट घालतो. कामाला ती लागतेच असं नाही. पदवी म्हणजे 'मी कामाचा आहे' असा मालकाला दिलेला 'सिग्नल', असं अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये लिहिलं. आमच्याकडे त्या सिग्नलची बरेचदा नुसती चाळणी होते.

आकडे वाचतानाही जपून. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्याख्येत आठवड्यात एक तास पगारी काम केलं तरी माणूस 'रोजगारात' धरला जातो. पार्टटाइम म्हणजे ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेच्या हिशेबात आठवड्याला ३० तासांच्या आत, अमेरिकेच्या सरकारी आकडेवारीत ३५ च्या आत. आणि पार्टटाइम म्हणजे नाइलाजच, असंही नाही. नेदरलँड्समध्ये उच्चशिक्षितही आपणहून कमी तास निवडतात. कमी शिकलेल्याला ही निवड क्वचितच मिळते.

मध्यंतरी एक वडील मुलीला घेऊन आले. "पदवी नाही म्हणून हिला फुलटाइम देत नाहीत," त्यांची तक्रार. मुलगी म्हणाली, "बाबा, त्यांनी विचारलं होतं. मीच नको म्हटलं. मग कॉलेज कधी करू?"

आकडेवारीत ती 'कमी शिकलेली, पार्टटाइम' अशीच मोजली जाणार.