हात कुठे ठेवायचे?

नाचताना हातांचं काय करायचं, हा प्रश्न आपल्याकडे सहसा कुणाला पडत नाही. मिरवणुकीत ढोल वाजला की हात आधी वर जातात, पायांचं नंतर ठरतं. लावणीत पदर हातातच खेळतो आणि भरतनाट्यमची तर निम्मी गोष्ट बोटं सांगतात. त्यामुळे आयरिश नाच समोर बघताना माझी नजर पायांवर ठरेना. सारखी हातांकडे जायची आणि हात तर काहीच करत नव्हते.

हे आयर्लंडच्या आग्नेय टोकाजवळच्या वेक्सफर्डमधलं, ऑगस्ट 2024 मधलं. इथल्या पारंपरिक संगीताचा सगळ्यात मोठा उत्सव म्हणजे फ्ला. 1951 साली मलिंगारला सुरू झाला आणि तेव्हापासून गावं बदलत फिरतो. आम्ही डब्लिनहून गेलो तेव्हा वेक्सफर्डच्या अरुंद मेन स्ट्रीटवर दर दहा पावलांवर कुणीतरी फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच, काढून बसलं होतं. त्यात शाळकरी पोरंच जास्त.

मोकळ्या मैदानातल्या स्टेजवर मुली आल्या. टाचेला आणि चवड्याला कडक तुकडे लावलेले बूट, गुडघ्याखाली पांढरे मोजे. (मोजे घसरू नयेत म्हणून ते चक्क डिंकासारख्या चिकट द्रवाने पायाला चिकटवतात, त्याची खास बाटली मिळते.) संगीत सुरू झालं आणि कमरेच्या खाली नुसता कडकडाट. कमरेच्या वर मात्र सगळ्या जणी बसच्या रांगेत उभ्या असल्यासारख्या! खांदे सरळ, मुठी मांड्यांशी, चेहऱ्यावर परीक्षेचं गांभीर्य.

हात असे का, याची कारणं इथे विचाराल तितकी मिळतात. कुणी म्हणतं, पाद्र्यांना हातवारे चावट वाटायचे. कुणी म्हणतं, अर्ध्या दारावरून डोकावणाऱ्याला आत नाच चाललाय हे कळू नये म्हणून. आयरिश माणूस अशी गोष्ट रंगात येऊन सांगत असेल तर पुरावा मागू नये, त्याचा विरस होतो. मला स्वतःला अठराव्या शतकातले फिरते नृत्यशिक्षक जास्त पटतात. ते गावोगाव हिंडून नाचाबरोबर ताठ उभं राहण्याची रीतही शिकवत. घरातली जमीन मातीची, म्हणून कधी दारच बिजागरीवरून उतरवून खाली टाकायचं आणि त्यावर नाचायचं. दाराच्या फळीएवढ्या जागेत हात पसरून करणार काय? पुढे 1893 साली आयरिश भाषा आणि संस्कृती जपणारी गेलिक लीग ही संघटना स्थापन झाली, स्पर्धा वाढल्या, परीक्षक आले. परीक्षक आले की कुठलीही सवय नियम होते.

मग 1994 साली डब्लिनला झालेल्या युरोव्हिजन या युरोपातल्या देशांच्या गाण्याच्या स्पर्धेत मधल्या वेळात सात मिनिटांचा एक नाच झाला. संगीत बिल व्हेलनचं, नाचणारे जीन बटलर, मायकेल फ्लॅटली आणि मागे लांबलचक रांग. फ्लॅटलीने हात मोकळे सोडले. पुढच्याच वर्षी त्या छोट्या नाचाचा ‘रिव्हरडान्स’ हा पूर्ण लांबीचा कार्यक्रम झाला आणि जगाने आयरिश नाच म्हणजे ती रांग असं धरून ठेवलं. वेक्सफर्डलाही शेवटी रांग झालीच, टाळ्याही तिलाच जास्त. माझं मत वेगळं. रांगेत कवायत दिसते, माणूस दिसत नाही.

माणूस दिसला तो एका पबबाहेर. कॉनेमारा भागातला शॅन-नोस हा जुना नाच, त्यात पाय जमिनीलगत, हात सैल, सगळं आयत्या वेळचं. पंचाहत्तरीचे एक आजोबा छोट्या फळीवर तो नाचत होते. शेजारी वादक गोलात बसलेले, कुणाचं प्रेक्षकांकडे लक्ष नाही. एक धून तीनदा वाजवायची आणि न थांबता पुढच्या धुनेत शिरायचं. कुणी काही जाहीर करत नाही. इलिन पाइप्स हे हवेच्या पिशवीचं वाद्य वाजवणारी बाई एका कोपराने भाता चालवत होती, दुसऱ्याने पिशवी दाबत होती, बोटं वेगळ्याच कामात. बौरान हा बकऱ्याच्या कातड्याचा डफ मात्र एकच. दुसरा घेऊन कुणी आलं की भुवया उंचावतात. जिग ही नाचाची धून सहा मात्रांची, त्यामुळे दादरा कानात असलेल्या माझा पाय लगेच बसला. नऊ मात्रांच्या स्लिप जिगने मात्र माझी बोटं मोजण्यात गुंतवली.

संध्याकाळी रस्त्यावर केली झाली, म्हणजे सगळ्यांनी मिळून नाचायचं. गंमत म्हणजे गेलिक लीगची पहिली केली 1897 साली झाली ती लंडनमध्ये. डब्लिनमध्ये लेझीम शोधत फिरणाऱ्या आमच्या मंडळींना यात नवल वाटणार नाही. आम्हालाही रांगेत ओढलं. चौघांनी हात धरून उंच करायचे, समोरच्या चौघांनी खालून जायचं, मग जोडीदाराला धरून गरगर फिरायचं. बायकोच्या वाट्याला सहा फुटी शेतकरी गृहस्थ आले. त्यांनी अदबीने नुसती बोटं पुढे केली. “असे नाही हो, घट्ट!” असं शुद्ध मराठीत सांगून तिने मनगटं पकडली आणि त्यांना कोकणातल्या फुगडीच्या वेगाने फिरवलं. टोपी उडाली. ती उचलून ते पुन्हा रांगेत तिच्याच समोर येऊन उभे राहिले.